सोमवारी बसवायचं कडं

हिल्मा लाम्पीच्या सौनातला, म्हणजे घाम काढायच्या लाकडी वाफघरातला, खालचा बाक कुजला होता, तो बदलायला रोंडा गुरुवारी सकाळी गेली. काम तासाभराचं. गुडघ्यावर बसून तिने पहिला खिळा उपटला आणि तिला वास आला. धुराचा नव्हे, धूर तर सौनाच्या लाकडात मुरलेलाच असतो. हा वास ओव्हनमध्ये विसरलेल्या पावासारखा होता.

तिने शेगडीमागच्या दोन फळ्या पहारीने सैल केल्या. आतलं लाकूड कडेला तपकिरी आणि नळाजवळ काळं ठिक्कर. बोट लावलं तर कोळशाची भुकटी हाताला आली. धुराड्याचा नळ जिथे लाकडी भिंतीतून बाहेर जातो, तिथे नळ आणि लाकूड यांच्यामध्ये दुहेरी पत्र्याचं जाड कडं बसवायचं असतं. ते नसलं तर लाकूड लगेच पेटत नाही. वर्षानुवर्षं मुकाट भाजत राहतं, आणि मग एके दिवशी जरा जास्त तापवलं की पेट घेतं. इथे कडं नव्हतंच. नळ लाकडाला खेटून बाहेर गेला होता आणि वरून नुसती शोभेची चकती.

काढलेल्या फळीच्या मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहिलं होतं. अक्षर तिरपं, घाईचं, तिच्या बापाचं. ‘कडं आलं नाही. सोमवारी बसवू. लाम्पींना सांगितलंय, तोवर जपून तापवा आणि तापवलात तर मला बोलवा. रूडी. २१ ऑगस्ट १९८७.’

रोंडाने ती फळी मांडीवर घेऊन पुन्हा वाचली. बापाला जाऊन शनिवारी वर्ष होणार होतं.

पूर्ण नाव रूडी पेल्कोला. तो सौना बांधायचा आणि शेगड्या बसवायचा. फिनलंडहून अमेरिकेत आलेल्यांच्या ऑस्कर लँडिंग गावात आणि सरोवराच्या काठाने वर दहा मैलांत ज्या घरात शनिवारी घाम गाळला जातो, त्या घरात रूडीचा हात कुठे ना कुठे लागलेला. ‘आमच्या कामात घाम तुम्हाला फुटतो’ असं त्याच्या ट्रकच्या दारावरच रंगवलेलं होतं. माणूस हसल्याशिवाय खिळा ठोकायचा नाही. एकदा एक एप्रिलला त्याने सगळ्या गिऱ्हाइकांना फोन करून सांगितलं, हेलसिंकीहून सौना-निरीक्षक येतोय, नियम बदललेत, आता अंगावर कपडे घालून बसायचं. चार घरं खरोखर लोकरीचे कोट घालून वाफेत बसली. त्यातला एक जण पुढे टाउनशिपचा प्रमुख झाला, पण लोकांनी त्याला तो कोट कधी विसरू दिला नाही.

नवा सौना पुरा झाला की पहिली वाफ बांधणाऱ्याने घ्यायची हा रिवाज. रूडी तो असा पाळायचा की त्यासाठीच धंदा करतो अशी शंका यावी. आणि भिंत बंद करण्याआधी आतल्या बाजूला काहीतरी लिहून ठेवायचा. घरातल्यांना ते कधी दिसायचं नाही. ‘हे पुढच्या मिस्त्रीसाठी,’ तो म्हणायचा. ‘बिचारा एकटाच असणार तिथे.’

पुढची मिस्त्री त्याची मुलगीच निघाली. वर्षभर ती दुरुस्तीसाठी भिंती उघडत होती आणि बाप आतून बोलत होता. पहिल्यांदा तिला हसू आलं होतं. तिसऱ्या-चौथ्या भिंतीनंतर ती पहार लावण्याआधी जरा थांबायला लागली. मेलेल्या माणसाने एवढं बोलू नये असं तिला वाटे, आणि भिंत कोरी निघाली तर दिवसभर करमत नसे.

आणि शनिवार परवावर आला होता. शनिवारी दुपारी चार वाजता, रूडीच्या आठवणीसाठी, त्याने बांधलेला प्रत्येक सौना एकाच वेळी पेटवायचं ठरलं होतं. कल्पना तिच्या भावाची, डेलची. चर्चच्या हॉलमध्ये आधी कॉफी आणि वेलचीचा पाव, मग जो तो आपापल्या घरी, आणि रूडीला आवडायचा तसा तापवायचा. म्हणजे भिंतीला पाठ टेकवता येणार नाही इतका.

हिल्मा कॉफी घेऊन दारात आली. चौऱ्याऐंशी वर्षांची, काठीसारखी ताठ. “झालं का गं?”

“मिसेस लाम्पी, हा सौना तापवू नका,” रोंडा म्हणाली. “शनिवारी तर नाहीच. भिंतीत कडं नाहीये.”

हिल्माने कप बाकावर ठेवला. “कडं नाही?”

“डॅडने बसवलंच नाही. सोमवारी येतो म्हणून लिहून ठेवलंय आणि आलाच नाही. तुमचं नशीब, तुमचा वेस गेल्यापासून तुम्ही जेमतेम तापवता.”

हिल्माने फळीकडे पाहिलं, मग रोंडाकडे, आणि कॉफी तिथेच विसरून घरात निघून गेली. रोंडाला वाटलं, म्हातारी घाबरली.

परत येताना ट्रकमध्ये ती तारीख तिच्या डोक्यात घोळत राहिली. सत्त्याऐंशीचा ऑगस्ट. त्याच ऑगस्टमध्ये ती घर सोडून मिनिआपोलिसला पळाली होती, एकोणीस वर्षांची, बापाच्या हाताखाली काम करत असताना. ट्रक लाम्पींच्या अंगणात उभा केला होता आणि हिल्माच्या नवऱ्याने, वेसने तिला बसपर्यंत सोडलं होतं, एवढं आठवत होतं. बापाला त्या दिवशी काय थाप मारून निघाली ते काही केल्या आठवेना. तिने फार जोरही लावला नाही. बापावर रागावणं जास्त सोपं होतं.

संध्याकाळी आईच्या स्वयंपाकघरात तिने सांगितलं. डेल तिथेच होता, शनिवारची यादी करत.

“एक कडं राहिलं,” डेल म्हणाला. “एक. पन्नास वर्षांत.”

“तुला कसं ठाऊक एकच?” रोंडा म्हणाली. “बहुतेक ठिकाणी नळ छपरातून जातो, ते वरून दिसतं. भिंतीतून नळ काढलेले अकरा आहेत. अकराच्या अकरा भिंती बंद. तुला माहितीये डॅड कसा होता. शनिवार आला, लोक टॉवेल घेऊन दारात उभे राहिले की त्याला राहवायचं नाही. ‘बाकीचं सोमवारी.’ किती वेळा ऐकलंय आपण?”

“मग काय करू म्हणतेस? लोकांना सांगू, वाढदिवस रद्द?”

“वाढदिवस नाहीये तो.”

“तेच ते.”

एलेन, त्यांची आई, ओव्हनपाशी उभी होती. तिने जाड पॅनकेकचं ताट टेबलावर ठेवलं, जरा जोरातच. “तुझा बाप हसरा होता, रोंडा. निष्काळजी नव्हता. हे दोन वेगळे शब्द आहेत.”

“मॉम, मी स्वतः बघितलंय. लाकडाचा कोळसा झालाय.”

“बघितलं असशील. पण त्याला जाऊन वर्षही नाही झालं आणि तू गावभर सांगत सुटणार की तो लोकांना जाळायला निघाला होता. एकदा पुरलाय मी त्याला. पुन्हा पुरायची माझ्यात ताकद नाही.”

रोंडाने खाल्लं नाही. बापाने तिच्या नावावर केलेल्या दुकानात जाऊन तिने अकरापैकी उरलेल्या दहा घरांना फोन लावले. सांगितलं, डॅडने कदाचित काम अर्धं सोडलंय, मी भिंत तपासेपर्यंत शेगडी पेटवू नका. सहा जणांनी खो खो हसून फोन ठेवला. “बापाची लेक,” एक म्हातारा म्हणाला. “कोट घालून बसू का गं?” तिने पुन्हा फोन केला तर तो आणखी हसला. आयुष्यभर थट्टा करत आलेल्या माणसाच्या नावाने खरं सांगायचं म्हणजे काय असतं, ते तिला त्या रात्री समजलं. रिकाम्या दुकानात बसून ती बापाला मोठ्याने शिव्या देत होती, आणि शिव्या संपल्यावर दुकान इतकं शांत झालं की तिने दिवा घालवलाच नाही.

शुक्रवारी उजाडल्यापासून ती दारोदार फिरली. लोक दार उघडून हसत, ती हसत नाही म्हटल्यावर गप्प होत आणि वाट सोडत.

पहिल्या घरी तिने फळी काढली. कडं जागच्या जागी होतं. चारी बाजूंनी चोख, फटीत न जळणारी खनिज लोकर भरलेली. शेजारी पेन्सिलीने: ‘इथपर्यंत आलास म्हणजे काहीतरी बिघडलंय. मी नाही बिघडवलं.’

दुसऱ्या घरी कडं होतं. ‘बाईने सकाळपासून तीन वेळा कॉफी दिली, पाव एकदाही नाही. तुझं कसं चाललंय?’

तिसऱ्या घरी कडं होतं. ‘मी मेलो असेन तर माझ्या नावाने एक बिअर पी. जिवंत असेन तर दोन आण.’

घरमालक तिच्या खांद्यावरून वाचून इतका हसला की त्याला खोकला लागला. रोंडाने फळी परत ठोकली. प्रत्येक भिंतीआड तिला कोळसा सापडेल अशी धास्ती होती, आणि प्रत्येक भिंतीआड तिला बाप सापडत होता, नीटनेटका, हजरजबाबी, अंगात जोर असलेला. तिला त्याचं काम वाईट निघायला नको होतं, आणि तरी प्रत्येक चोख कड्यागणिक तिला अधिकच कसंतरी होत गेलं. मग तिथेच का? एकट्या हिल्माच्याच भिंतीत का?

सातव्या भिंतीतही कडं होतं. पण लिहिलेलं काही दिसेना. तिने विजेरी सगळीकडे फिरवली. अगदी खाली, जिथे वाकल्याशिवाय नजर पोचत नाही, तिथे बारीक अक्षरात होतं: ‘आज विनोद नाही. आता एकटाच आहे. रूडी. १२ सप्टेंबर १९८७.’

रोंडा तिथेच खाली बसली. ती मिनिआपोलिसला एका हॉटेलात बशा धूत होती तेव्हा. घरी पत्र टाकायलाही तिने महिना लावला होता. परत आली आठ वर्षांनी. बापाने त्या दिवसांबद्दल एकदाही विचारलं नाही, उलट गावात तिची ओळख करून देताना म्हणायचा, ही माझी मुलगी, हिला मोठ्या शहराने नापास केलं. सगळे हसायचे, तीही. हा माणूस कधी विनोदाशिवाय होता हे तिला ठाऊकच नव्हतं. ते त्याने फक्त पुढच्या मिस्त्रीला सांगून ठेवलं होतं.

तिने बाहीने तोंड पुसलं आणि फळी ठोकली. दिवस मावळेपर्यंत दहाही घरं झाली. दहाही चोख.

शनिवारी सकाळी फोन वाजला. हिल्मा होती. “मी ऐकलं तू गावभर काय सांगतेस ते. ये इकडे.”

“मी येणारच होते. भिंत उघडी आहे, ती जळकी लाकडं…”

“लाकडं राहू देत. आधी ये.”

हिल्मा अंगणात थांबली होती, रात्रीच्या पातळ बर्फात, लोकरीची टोपी घालून. सौनाच्या पायरीवर एक पुठ्ठ्याचं खोकं होतं, ओलीने मऊ पडलेलं. तिने काठीने ते रोंडाकडे सरकवलं. आत कडं होतं. नवंकोरं, म्हणजे कधी न वापरलेलं. दुहेरी पत्रा, कडेला गंज, आणि वर ‘लाम्पी’ असं बापाच्या हातचं लिहिलेलं.

“हे कुठे मिळालं?”

“माझ्या तळघरात. बटाट्यांच्या पेट्यांमागे. अडतीस वर्षं तिथेच आहे.” हिल्मा पायरीवर बसली. “तुला खरंच आठवत नाही?”

रोंडाने मान हलवली, पण हलवता हलवताच तिला ट्रकची सीट दिसली, आणि सीटवरचं हे खोकं.

“त्या सोमवारी सकाळी हे कडं आलं,” हिल्मा म्हणाली. “रूडीने तुझ्याकडे दिलं. म्हणाला असेल, जा, लाम्पींचं कडं बसवून ये. तू आलीस. खोक्याला हातही लावला नाहीस. रडत होतीस, की मला जायचंय, आज नाही गेले तर कधीच नाही. वेस मऊ माणूस. त्याने तुला बसपर्यंत सोडलं.”

हीच ती थाप. थापसुद्धा नव्हती, खरंखुरं काम होतं, आणि ते सांगून ती बापाच्या डोळ्यांदेखत ट्रक घेऊन निघाली होती. त्याने दारातून हात हलवला होता.

“संध्याकाळी तो ट्रक न्यायला आला,” हिल्मा सांगत राहिली. “चालत आला, चार मैल. तोवर तुझी चिठ्ठी एलेनला मिळाली होती. मी रूडीला कधी रडताना पाहिलं नव्हतं गं. तू पाहिलंयस?”

“नाही.”

“इथेच उभा होता. मला म्हणाला, हिल्मा, काम तरी केलं का तिने? मी काय सांगणार होते? खोकं मी आधीच ट्रकमधून काढून ठेवलं होतं, तो विचारेल म्हणूनच. म्हटलं, केलं. बसवून गेली.” हिल्माने टोपी खाली ओढली. “त्याने आत जाऊन त्या भिंतीवर हात ठेवला. चकती जागेवर होती, बाहेरून काय कळणार? म्हणाला, मग ती नुसती पळून नाही गेली. काम संपवून गेली. आणि त्याच्या चेहऱ्यात जरा जीव आला. एवढ्यासाठी मी खोटं बोलले.”

“पण तुम्ही इथे बसत होता, मिसेस लाम्पी. पोरं बसत होती तुमची.”

“वेस बसवणार होता. बटाटे काढून झाले की बसवतो म्हणाला. मग हरणांचा हंगाम आला, मग बर्फ. सौना तर छान तापत होता. भिंतीआडचं किती दिवस लक्षात राहतं?” तिने काठी बर्फात रोवली. “मला गुरुवारी बोलायला हवं होतं. दोन दिवस तू त्याला नावं ठेवत फिरलीस आणि मी घरात बसून ऐकलं. त्याने बिचाऱ्याने काही केलं नव्हतं. झोप नाही मला.”

रोंडा तिच्याशेजारी पायरीवर बसली. आठ वर्षांनी ती परतली, काम मागितलं, तेव्हा डेलने स्पष्ट सांगितलं होतं की ही पुन्हा जाईल. बाप म्हणाला होता, जाईल तर जाईल, पण रोंडा काम अर्धं टाकून जाणाऱ्यातली नाही, मला माहितीये. दुकान तिच्या नावावर करतानाही त्याने वकिलासमोर हेच सांगितलं होतं. ती तेव्हा लाजली होती, आणि मनातून सुखावली होती. तीस वर्षं तिने जे काम चोख केलं, ते या एका वाक्याला जागायचं म्हणून. वाक्य हिल्माच्या तोंडचं निघालं.

आणि तो ते खरं मानूनच मेला. आता त्याला सांगायची सोय नव्हती. त्याच्याजागी ती दोन दिवस गावाला सांगत फिरली होती, की माझा बाप कामं अर्धी टाकायचा.

“तू कोणाला सांगू नकोस हवं तर,” हिल्मा हळूच म्हणाली. “मी आता किती दिवसांची? माझ्याबरोबर जाईल.”

खोकं उचलून रोंडा आत गेली. जळकं लाकूड तिने करवतीने कापून काढलं, निरोगी लाकूड लागेपर्यंत, मग नवे तुकडे जोडले. ट्रकमध्ये तिच्याकडे आधुनिक, चकचकीत कडी होती, त्यातलंच एक ती बसवणार होती. गंजकं वापरायचं नसतं हे तिला बापानेच शिकवलं होतं. दुपार झाली तरी ती भिंत उघडीच होती. तीन वाजता डेलचा फोन आला. मागे हॉलमधली गडबड ऐकू येत होती, कपबशा, आणि कोणीतरी रूडीचा तो कोटांचा किस्सा सांगत होतं.

“लोक विचारतायत,” डेल म्हणाला. “पेटवायचं की नाही? अर्ध्यांना अजून वाटतंय तू थट्टा करतेयस. मॉम माझ्याशी बोलत नाहीये. काहीतरी एक सांग.”

“पेटवा म्हणून सांग. भिंतीतले दहा मी बघितले, दहाही डॅडने चोख केलेत.”

“आणि लाम्पींचा?”

“तो माझा आहे.”

“म्हणजे?”

“डॅडने मला कडं बसवायला पाठवलं होतं. मी ते न बसवताच बस पकडली. हे असंच सांग, डेल. मी आधी जे सांगितलं ते चूक होतं आणि काम मी टाकलं होतं.”

“सगळ्यांसमोर?”

“मी ते सगळ्यांना सांगत फिरले ना.”

डेलने विचारलं, “डॅडला माहीत होतं?”

“नाही,” रोंडा म्हणाली आणि तिला पहिल्यांदा रडू फुटलं. “त्याला वाटत होतं मी करून गेले.”

फोन चालूच राहिला. माईकची खरखर झाली. भावाच्या आवाजात तिने स्वतःचं नाव ऐकलं, मग ऑगस्ट, मग बस, मग बापाचं नाव. वर्षभरात त्या हॉलमध्ये रूडीचं नाव निघालं आणि कोणी हसलं नाही असं झालं नव्हतं. आता कोणी हसलं नाही. कप खाली ठेवल्याचा आवाज आला, एवढंच. हिल्मा सौनाच्या दारात उभी राहून ऐकत होती.

मग लांबून आईचा आवाज आला, माईकपासून दूर, नेहमीच्या सुरात. “विचार तिला, चारला घरी येणार आहे का ती.”

“काम संपवून येते, सांग,” रोंडा म्हणाली आणि फोन बाकावर ठेवून तिने पाना उचलला.